उभ्या ट्रॉलीला मागून धडक बसली, तर चूक कोणाची आणि भरपाई कोण देणार?

प्रश्न विचारणारे भाऊ यावल तालुक्यातले आहेत. त्यांनी लिहिलेलं थोडक्यात असं. त्यांचा धाकटा भाऊ २७ वर्षांचा, फैजपूरला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तीन महिन्यांपूर्वी रात्री पावणेआठच्या सुमारास दुकान बंद करून तो मित्राला मागे बसवून मोटारसायकलवर यावलकडे निघाला. वाटेत केळीने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली टायर पंक्चर झाल्यामुळे डांबरावरच उभी होती. तिच्या मागे लाल दिवा नव्हता, रेडियम नव्हतं, दगड किंवा झाडाची फांदीसुद्धा ठेवलेली नव्हती. समोरून येणाऱ्या बसच्या उजेडात ट्रॉली दिसली नाही आणि गाडी मागून धडकली. भावाच्या उजव्या पायात रॉड टाकावा लागला, मित्राचा हात मोडला. हेल्मेट नव्हतं आणि लायसन्सची मुदत संपलेली होती. पोलिसांनी गुन्हा भावावरच नोंदवला, कारण "उभ्या वाहनाला मागून ठोकलं". ट्रॅक्टरमालक भावकीतलाच आहे. तो ४० हजार द्यायला तयार आहे, पण स्टॅम्पवर सही मागतो. आता कोर्टाची तारीख आली आहे आणि सगळे म्हणतात, कबूल कर, हजार-दोन हजार दंड भर आणि मोकळा हो. त्यांनी विचारलंय, "ताई, चूक आमचीच आहे का? भरपाईचा विचार सोडून द्यायचा का?"

बावीस वर्षं मी जळगाव जिल्ह्यात मोटार अपघाताचे दावे चालवते आहे. आधी दोन गोष्टी ठामपणे सांगते, कारणं मग सांगते. गुन्हा कबूल करू नका. आणि त्या स्टॅम्पवर आहे तशी सही करू नका. बाकी सगळं तुमच्या कागदांवर अवलंबून आहे. ते कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे पुढे जिथे "बहुधा" म्हणेन तिथे ते बहुधाच समजा.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. भावाने फौजदारी गुन्हा केला का, हा एक. तो यावलच्या फौजदारी कोर्टात ठरेल. अपघात कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाला, हा दुसरा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. आणि पैसे कोण देणार, हा तिसरा. तो विम्याच्या पॉलिसीवर ठरतो. गावात या तिन्हींचं एकच उत्तर दिलं जातं: "एफआयआर कोणावर आहे?" एफआयआर ज्याच्यावर, चूक त्याची, आणि चूक ज्याची त्याला पैसे नाहीत. हा समज चुकीचा आहे आणि यापायी मी किती तरी घरांचं नुकसान झालेलं पाहिलं आहे.

एफआयआर ही पहिली खबर असते, तो निकाल नसतो. तुमच्या भावाला त्या रात्री दवाखान्यात नेलं, तो शुद्धीवर नव्हता. पोलीस ठाण्यात कोण गेलं असेल? ट्रॅक्टरवाला, किंवा त्याने फोन करून बोलावलेलं कोणीतरी. त्याने जे सांगितलं ते लिहिलं गेलं. न्यायाधिकरणापुढे एफआयआर आणि दोषारोपपत्र पुरावा म्हणून जरूर पाहिलं जातं, त्याचं वजनही असतं, पण त्याला धक्का देता येतो. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दाव्यात तसं नसतं. दोन्ही बाजू ऐकल्यावर कोणती हकीकत जास्त संभवनीय वाटते, एवढंच तिथे पाहतात. सर्वोच्च न्यायालयाने हे बिमला देवी प्रकरणात २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे आणि नंतर अनेकदा सांगितलं आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मागून धडकणाऱ्याची चूक, हा नियम आपण सगळे ऐकत आलो आहोत. चालत्या वाहनांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण पुढच्याने ब्रेक मारला तर थांबता येईल इतकं अंतर मागच्याने ठेवायचं असतं. पण अंधारात रस्त्यावर उभं केलेलं, दिवा नसलेलं वाहन हे वेगळं प्रकरण आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम १२२ सांगतं की, इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा जागी वाहन सोडून जायचं नाही. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असले पाहिजेत, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. टायर पंक्चर होणं हा गुन्हा नाही, तो कोणाचाही होतो. पण पंक्चर झाल्यावर ट्रॉली कडेला का घेतली नाही, मागे माणूस का उभा केला नाही, मोबाइलचा टॉर्च तरी का दाखवला नाही, याचं उत्तर ट्रॅक्टरवाल्याने द्यायचं आहे.

या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल तुमच्या वकिलांनी नक्की पुढे ठेवावेत. २०१८ च्या अर्चित सैनी प्रकरणात रस्त्याच्या मध्ये इंडिकेटर न लावता टँकर उभा होता. २०२४ च्या सुषमा विरुद्ध नितीन गणपती रंगोळे प्रकरणात महामार्गावर कोणतीही खूण न ठेवता मोठा ट्रेलर सोडलेला होता आणि कार त्याच्यावर मागून धडकली. दोन्हींत कारचालकावर टाकलेला अर्धा दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. तुमच्या प्रश्नातलं चित्र याच्या फार जवळचं आहे.

तरीही पूर्ण दोष ट्रॅक्टरचाच ठरेल, असं मी आज लिहून देणार नाही. ट्रॉली डांबरावर किती आत होती? तिथे खांबाचा उजेड होता का? रस्ता सरळ होता की वळण? भावाचा वेग काय होता? त्याच्या गाडीचा हेडलाइट चालू होता का? यांची उत्तरं वाईट निघाली तर भावावर २० टक्के, कधी ५० टक्केही दोष येतो. याला कायद्यात सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. त्याचा अर्थ दावा फेटाळणं नव्हे. भरपाईतून तेवढा हिस्सा कापला जातो आणि उरलेली मिळते. "थोडी चूक आपलीही आहे, मग दावा कशाला" असं म्हणून घरी बसणाऱ्यांना हे कोणी सांगतच नाही.

ही उत्तरं कुठे सापडतात? घटनास्थळ पंचनाम्यात. तो कागद पोलीस ठाण्यातून किंवा कोर्टातून आजच नक्कल घेऊन वाचा, आणि प्रत्येक आकडा वाचा. चोपड्याकडच्या एका प्रकरणात माझ्या पक्षकाराचा मुलगा असाच ट्रॉलीवर धडकून गेला होता. एफआयआर त्या मेलेल्या मुलावरच होता आणि वडील तो कागद घडी करून खिशात ठेवून दोन वकिलांकडून परत आले होते. पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती: डांबरी रस्त्याची रुंदी २२ फूट, ट्रॉलीचं उजवं चाक डाव्या कडेपासून ९ फूट आत. म्हणजे मोटारसायकलच्या वाट्याच्या ११ फुटांतले ९ फूट ट्रॉलीने अडवले होते. खाली आणखी एक नोंद होती, ट्रॉलीच्या मागच्या फळ्यावर केळीची पानं लोंबत होती. पंचनामा करणाऱ्याने ती सहज लिहिली असेल. पण घड चिरडू नयेत म्हणून भरताना घातलेली ती पानं मागच्या फळ्यावर आली होती आणि त्यांनी रेडियमची पट्टी पूर्ण झाकली होती. उलटतपासात मी ट्रॅक्टरचालकाला एवढंच विचारलं की, पानं कोणी काढली आणि कधी. तो म्हणाला, दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सोडवल्यावर. रात्री रेडियम दिसत होतं, हा त्यांचा बचाव तिथेच संपला.

तुमच्या पंचनाम्यात असे आकडे असतील तर तुम्ही भक्कम आहात. नसतील, किंवा "ट्रॉली कडेला उभी होती" एवढंच मोघम असेल, तर दुसरीकडून पुरावा आणावा लागेल. त्या रात्री कोणी मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते मूळ मोबाइलसकट जपा. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या फोटोपेक्षा ज्याने काढला त्याचा फोन आणि त्याची साक्ष जास्त उपयोगी पडते. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील. जवळ पेट्रोल पंप, ढाबा किंवा केळी पॅकिंगचं शेड असेल आणि त्यांचा कॅमेरा रस्त्याकडे असेल, तर एव्हाना रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं असण्याची शक्यता जास्त आहे, तरी विचारून पाहा. जे कोणी हे आता, अपघातानंतर पहिल्या आठवड्यात वाचत असतील, त्यांनी आजच लेखी अर्ज देऊन ते रेकॉर्डिंग राखून ठेवायला सांगावं. १०८ रुग्णवाहिकेची नोंद, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा दोन्ही वाहनांचा तपासणी अहवाल, हेही मागवा. निरीक्षकाच्या अहवालात ट्रॉलीचे मागचे दिवे "नाहीत" किंवा "बंद" असं लिहिलं असेल तर तो एक शब्द दहा साक्षीदारांच्या बरोबरीचा आहे.

आणखी एका कागदाची मला नेहमी धास्ती वाटते, तो म्हणजे दवाखान्याचा पहिला केस पेपर. अपघातग्रस्ताला आणणारा माणूस पोलिसांचं लफडं नको म्हणून डॉक्टरांना सांगतो, "गाडी घसरली". डॉक्टर तेच लिहितात. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तो कागद वर काढतो आणि म्हणतो, बघा, ट्रॉलीचा संबंधच नाही, हा स्वतः घसरून पडला. तुमच्या केस पेपरवर काय लिहिलंय ते बघून घ्या. "घसरली" लिहिलं असेल तर घाबरू नका. सांगणारा कोण होता, तो तिथे कोणत्या अवस्थेत होता, हे साक्षीत समजावता येतं. पण ते आधीपासून माहीत असलं पाहिजे.

हेल्मेट आणि लायसन्सबद्दल तुम्ही फार भीतीने लिहिलं आहे. हेल्मेट न घालणं मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२९ चा भंग आहे, दंड भरावा लागेल. पण दाव्यात विचार असा होतो: त्या चुकीमुळे अपघात झाला का, किंवा दुखापत वाढली का? भावाच्या नडगीचं हाड मोडलं आहे. हेल्मेट असतं तरी ते मोडलंच असतं. डोक्याला मार असता तर हा मुद्दा जड गेला असता. तीन सीट बसवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात हाच तर्क मांडला आहे: नियम मोडणं वेगळं आणि त्या मोडण्यामुळे अपघात होणं वेगळं. लायसन्सचंही तसंच. सुधीरकुमार राणा या २००८ च्या निकालानुसार लायसन्स नाही एवढ्यावरून चालक निष्काळजी ठरत नाही. फक्त एका ठिकाणी मुदत संपलेलं लायसन्स आड येईल. भावाच्या स्वतःच्या पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असेल, तर त्याला वैध लायसन्स लागतं. पण ते संरक्षण मृत्यू आणि मोठ्या कायम अपंगत्वासाठी असतं, साध्या हाडमोडीला ते तसंही मिळत नाही.

आता कबुलीबद्दल. १ जुलै २०२४ पासूनच्या अपघातांना भारतीय न्याय संहिता लागते. तुमच्या भावावर बहुधा कलम २८१, म्हणजे बेदरकार चालवणं, आणि मित्राच्या दुखापतीमुळे कलम १२५ लावलं असेल. तारखेला गर्दी असते, रोज कामधंदा सोडून यायला नको वाटतं, आणि दंडही थोडा असतो. म्हणून लोक कबूल करतात. पण त्या दिवशी कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, लिहिलं जातं की आरोपीने स्वेच्छेने गुन्हा कबूल केला. म्हणजे "मी बेदरकारपणे गाडी चालवत होतो" असं तुमच्या भावाने न्यायाधीशांसमोर स्वतः म्हटलं. उद्या न्यायाधिकरणात तोच उभा राहून म्हणेल की चूक ट्रॅक्टरची होती, तेव्हा विमा कंपनी काय दाखवेल हे सांगायला नको. मी अशा दोन दाव्यांत नंतर शिरले आहे. दोन्हींत पक्षकार दंडाची पावती घेऊन आला होता आणि दोन्हींत मला त्या पावतीशीच भांडावं लागलं. एकात थोडं यश आलं. दुसऱ्यात दोष अर्धा-अर्धा झाला.

भावकीच्या प्रश्नावर थोडं थांबते, कारण कायद्यापेक्षा इथेच माणसं जास्त अडतात. "जाऊ द्या ना भो, मिटवून टाका, एका गावात राहायचंय" असं सांगणारा माणूस वाईट हेतूने सांगत नाही. ट्रॅक्टरमालकालाही वाटतं की दावा लागला म्हणजे आपलं शेत विकावं लागेल. त्याच्याशी बसून बोला. दाव्यात त्याला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावंच लागतं, कायद्याने त्याशिवाय चालत नाही. पण ट्रॅक्टरचा विमा चालू असेल आणि अटींचा मोठा भंग नसेल, तर पैसे विमा कंपनी भरते. तिसऱ्या पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या वाहनामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, त्यासाठीच सक्तीचा केला आहे. हप्ता त्याने भरला आहे, तर त्याचा उपयोग होऊ द्यावा. त्याने खरं ते सांगितलं, ट्रॉली कुठे उभी होती ते नीट सांगितलं, तर संबंधही टिकतात.

त्याला माणुसकीने मदत करायची असेल तर जरूर घ्या, दवाखान्याचा खर्च थांबत नाही. पैसे बँकेतून घ्या आणि पावतीवर "उपचारासाठी मदत" एवढंच लिहा. त्याच्या पाचशेच्या स्टॅम्पवर जे लिहून आणलं असेल त्यात "सर्व भरपाई पूर्ण व अंतिम मिळाली, यापुढे कुठलाही दावा करणार नाही, चूक आमची होती" अशा ओळी असतात. अशा कागदाने दावा आपोआप मरत नाही, पण तो दाव्याच्या गळ्यात दगडासारखा लटकतो.

विम्याची खात्री आधी करा. परिवहन विभागाच्या अॅपवर ट्रॅक्टरचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. पॉलिसीची प्रत मिळाली तर तारखेबरोबर सुरू होण्याची वेळही पाहा. अपघातानंतर काढलेली पॉलिसी कामाची नाही. तुमच्या प्रकरणात खरी गाठ ट्रॉलीची आहे. ट्रॅक्टरचा विमा असतो, पण ट्रॉली अनेकदा नोंदलेली नसते किंवा तिचा वेगळा विमा नसतो. शिवाय केळी स्वतःच्या शेतातली होती की भाड्याने वाहत होती, हेही कंपनी विचारेल, कारण पॉलिसी शेतीच्या वापरासाठी असते. यावर कंपनी वाद घालणार हे गृहीत धरा. निकाल पॉलिसीचे शब्द आणि पुरावा यांवर जातो. अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की, जखमीला आधी पैसे द्या आणि मालकाकडून नंतर वसूल करा. तसं झालं तर ट्रॅक्टरमालकावर बोजा येऊ शकतो. ही शक्यता त्याच्यापासून लपवू नका, मघाशी मी सांगितलेल्या दिलाशाला ही मर्यादा आहे. विमाच नसेल तर पैसे मालकानेच द्यायचे असतात आणि मग वसुलीची लढाई वेगळीच लढावी लागते.

मुदतीबद्दल घाई करा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६(३) प्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या मर्यादेच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमचे तीन महिने गेले आहेत. याच तारखेपासून पोलिसांवरही जबाबदारी आली आहे: अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा. तो गेला आहे का ते तपास अंमलदारांना विचारा. तो अहवाल न्यायाधिकरण अर्ज म्हणून धरू शकतं, पण तरी आपला स्वतंत्र अर्ज करा, कारण त्या अहवालात हकीकत पोलिसांच्या नजरेतून लिहिलेली असते. दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा असं नाही, तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. आपल्याकडची पुष्कळ मुलं सुरतला कामाला असतात, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

त्याच अधिनियमाच्या कलम १६४ चाही एक मार्ग आहे. त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. हाड मोडणं गंभीर दुखापतीत येतं. पण त्या कलमाखाली विमा कंपनीने देऊ केलेली रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. पंचनामा फारच विरोधात असेल तर हा मार्ग विचारात घ्या. आकडा किती फरकाचा असतो ते आता दाखवते.

समजा भावाचं उत्पन्न महिना १२ हजार मान्य झालं. तो ४० च्या आतला आणि स्वतःचा धंदा करणारा, म्हणून प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरले, तर १६,८०० झाले. वर्षाचे २,०१,६००. सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात २६ ते ३० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचं तो आकडा, १७ आहे, म्हणजे ३४,२७,२००. त्याची कमावण्याची शक्ती २५ टक्के गेली असं धरलं तर ८,५६,८००. वर दवाखान्याची बिलं, कामाशिवाय गेलेले महिने, सोबत राहणाऱ्याचा खर्च, वेदनांचे पैसे आणि दाव्याच्या तारखेपासूनचं व्याज. भावावर २० टक्के दोष आला तरी त्या ८,५६,८०० चे ६,८५,४४० राहतात. हे भाकीत म्हणून धरू नका, फक्त हिशेब कसा चालतो ते यातून कळेल. पण ४० हजारांच्या शेजारी ठेवून बघा.

या हिशेबात २५ टक्के कुठून आले हा कळीचा प्रश्न आहे. सिव्हिल हॉस्पिटलचं मंडळ प्रमाणपत्र देईल, समजा उजव्या पायाचं ४० टक्के. ते पायाचे टक्के आहेत, संपूर्ण शरीराचे नाहीत आणि कमाईचे तर नाहीतच. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की, हा माणूस काय काम करतो आणि या दुखापतीनंतर त्यातलं काय करू शकत नाही, हे पाहायचं. म्हणून साक्षीत भावाने "पाय दुखतो" एवढं सांगून थांबू नये. रिवाइंडिंगला तो जमिनीवर मांडी घालून बसतो, मोटारीचा स्टेटर पायात धरून तांबं भरतो. हंगामात शेतावर जाऊन पाणबुडी मोटार बोअरमधून वर ओढतो, कप्पीवर दोर धरून पायावर भार देतो. आता मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, भार पेलत नाही. हे त्याने कोर्टाला दाखवावं. आणि प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं. डॉक्टर आले नाहीत तर प्रमाणपत्राची किंमत निम्मी होते.

उत्पन्नाला आयकर विवरण नसेल तर घाबरू नका. दुकानाचा परवाना, बिलबुकं, फोनपेच्या जमा नोंदी, तांब्याची तार ज्या व्यापाऱ्याकडून घेतो त्याची बिलं, दोन नियमित शेतकरी गिऱ्हाइकांची साक्ष, एवढ्यावर बरंच उभं राहतं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज सहसा आपल्या बाजूने उदार नसतो.

मित्राचा दावा वेगळा आणि तुमच्यापेक्षा सोपा आहे. तो मागे बसलेला होता, त्याची काही चूक नाही. दोन वाहनांच्या एकत्रित निष्काळजीपणात जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, हे खेन्येई या २०१५ च्या निकालात आहे. त्यामुळे भावावर काही टक्के दोष आला तरी मित्राचे पैसे कापले जात नाहीत. भावाच्या गाडीचा फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा असेल तर मागे बसणारा त्यात सहसा येत नाही, म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या विमा कंपनीला सामनेवाला करणं महत्त्वाचं. तो तुमचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही आहे. त्याला काही पढवू नका. त्याने जे पाहिलं, बसचा उजेड, अंधार, ट्रॉलीचा मागचा भाग, तेच सांगू द्या.

वकिलाच्या फीबद्दल स्पष्ट बोला. मिळणाऱ्या रकमेचे टक्के ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. कोणी ३० टक्के मागत असेल तर दुसरा वकील बघा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर, आणि स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात येण्याआधी तिथे आकडा मान्य करू नका. पाय कितपत बरा होणार हे तीन महिन्यांत डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

कोर्टाच्या तारखेला भावाने जायलाच हवं, गैरहजर राहिला तर वॉरंट निघेल. जाण्याआधी वकीलपत्र द्या. वॉकर किंवा काठी लागत असेल तर घेऊन जाऊ द्या, जिना चढता येत नसेल तर वकिलांनी तसं कोर्टाला सांगावं. न्यायाधीश दोषारोप वाचून दाखवतील आणि विचारतील, गुन्हा कबूल आहे का. भावाने "नाही" म्हणायचं, बाकी वकील बोलतील. त्याच दिवशी दोषारोपपत्राच्या सगळ्या नकला घ्या, पंचनामा आणि मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल त्यात असेल. तो पंचनामा वाचल्यावर ट्रॉलीचं चाक किती फूट आत होतं ते मला कळवा, मग दोष किती टक्के जाईल याबद्दल आजच्यापेक्षा नेमकं सांगता येईल.